स्मरणशक्ती आणि प्रज्ञा : आनंद, चुळपंथक आणि महाडचे तळे

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांतून, विहारांतून स्पर्धा सुरू होतात. व्यासपीठावर सात-आठ वर्षांचे मूल उभे राहते आणि बाबासाहेबांच्या आयुष्यातील पन्नास तारखा एका दमात सांगते. कोणी बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हणते, कोणी घटनेची कलमे क्रमांकासह सांगते. टाळ्या पडतात, बक्षीस मिळते आणि आई-वडिलांचा ऊर भरून येतो. त्यात वावगे काही नाही. पण त्याच मुलाला कोणी विचारले की, "महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते, मग १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला?" तर मूल गप्प होते. बहुतेक वेळा समोर बसलेले आपणही गप्पच असतो.

तारीख आठवणे आणि त्या तारखेचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण स्मरणशक्ती म्हणतो, दुसरीला बुद्धी. धम्माच्या भाषेत तिच्या परिपक्व रूपाला प्रज्ञा, पालीत 'पञ्ञा', म्हणतात. या दोहोंत गल्लत झाली की पाठांतर करणारे मूल हुशार ठरते, पाठांतर न जमणारे मूल 'ढ' ठरते आणि समाज आपल्या महापुरुषांची वाक्ये पाठ करून त्यांचा विचार मात्र विसरतो. म्हणून हा फरक नीट समजून घेऊ या. त्यासाठी बुद्धवचनांतील उदाहरणे आहेतच, शिवाय आपल्या रायगड किनाऱ्यावरच घडलेले एक मोठे उदाहरण आहे.

फरक नेमका काय?

स्मरणशक्ती म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले मनात साठवणे आणि हवे तेव्हा जसेच्या तसे बाहेर काढणे. बुद्धी म्हणजे त्या साठ्यातील गोष्टींचा परस्परसंबंध ओळखणे, खरे-खोटे तपासणे आणि पूर्वी कधीही समोर न आलेल्या प्रसंगात योग्य तो मार्ग काढणे.

किनाऱ्यावरचे साधे उदाहरण घेऊ. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडच्या मच्छीमारांना भरतीचा एक जुना हिशेब ठाऊक असतो : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणून साडेसातच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. आता एखाद्याने पंधराही तिथींच्या वेळा पाठ केल्या, तर ती त्याची स्मरणशक्ती. दुसऱ्याने हिशेब तेवढा लक्षात ठेवला आणि त्यामागचे कारणही जाणले : चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ही समज झाली. हा दुसरा माणूस खाडीत बराच आत गेला की लगेच ओळखतो की, समुद्राच्या मुखाशी भरलेले पाणी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून इथला हिशेब पुढे ढकलला पाहिजे. पहिल्याच्या पाठ केलेल्या कोष्टकात खाडीतली ही जागा नसते. तो घड्याळाकडे पाहत बसतो आणि होडी गाळात रुतते.

पाठ केलेले उत्तर ओळखीच्या प्रश्नाला पुरते. बुद्धीची खरी परीक्षा अनोळखी प्रश्नापुढे होते.

धम्मावर स्मृतीचे उपकार

हा फरक सांगताना स्मरणशक्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. स्मरणशक्ती नसती तर बुद्धवचन आपल्यापर्यंत आलेच नसते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. महाकस्सप अध्यक्षस्थानी होते. कपिलवस्तूचे न्हावी असलेले उपाली यांनी विनय सांगितला आणि भदंत आनंद यांनी धम्म. थेरगाथेतील परंपरेनुसार आनंदांना ८४,००० उपदेश मुखोद्गत होते. त्यांपैकी ८२,००० त्यांनी स्वतः तथागतांकडून आणि २,००० इतर भिक्खूंकडून ग्रहण केले होते.

त्यानंतर काही शतके त्रिपिटक केवळ मुखपाठाने जिवंत राहिले. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, श्रीलंकेत वट्टगामणी अभय राजाच्या काळी, ते ग्रंथबद्ध झाल्याचे तिथली परंपरा सांगते. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, हे काम 'भाणक' करीत. भाणक म्हणजे बुद्धवचन कंठस्थ करून त्याचे पठण करणारा भिक्खू. दीघनिकाय सांभाळणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय सांभाळणारे मज्झिमभाणक, अशी त्यांच्यात कामाची वाटणी होती.

आपल्या कोकणालाही भाणकांची ओळख होती. घाटावरच्या कार्ले येथील चैत्यगृहात एका स्तंभावर लेख आहे. सोपारक, म्हणजे आजचे सोपारे, येथील धम्मुत्तरीय निकायाचा भाणक सातिमित याने तो स्तंभ धातूसह दान दिला. रायगडच्या किनाऱ्यावर राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला कुडे येथे २६ लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दात्यांचे व्यवसाय वाचायला मिळतात : कोणी वैद्य, कोणी माळी, कोणी लोखंडाचा व्यापारी, आणि एक 'लेखक', म्हणजे लिहिण्याचे काम करणारा. त्या काळातील चेमुल म्हणजे आजचे चौल. तिथल्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेखांत आढळतात. स्मरणात धम्म धरणारा भाणक आणि तो अक्षरांत उतरवणारा लेखक हे दोघेही या किनारपट्टीच्या बौद्ध इतिहासात आहेत. म्हणून पाठांतराला तुच्छ मानणे आपल्याच पूर्वजांशी कृतघ्नपणाचे होईल.

पण स्मृती म्हणजे प्रज्ञा नव्हे

असे असूनही तथागतांनी स्मृतीला प्रज्ञेच्या जागी कधीच बसवले नाही.

अंगुत्तर निकायात त्यांनी आपल्या श्रावकांना त्यांच्या त्यांच्या गुणानुसार अग्रस्थान दिले आहे. बहुश्रुत आणि स्मृतिमान श्रावकांत श्रेष्ठ आनंद, तर महाप्रज्ञावंतांत श्रेष्ठ सारिपुत्त. दोन गुण वेगळे, दोन माणसे वेगळी. पाच इंद्रियांच्या यादीतही सद्धा, विरिय, सति, समाधी आणि पञ्ञा अशी क्रमवारी आहे. सति आणि पञ्ञा ही तिथे स्वतंत्र बळे मानली आहेत.

शिवाय 'सति' या शब्दाचा अर्थही तथागतांनी विस्तारला. पालीतील सति म्हणजे संस्कृतातील स्मृति. मूळ अर्थ आठवण. धम्मात मात्र सति म्हणजे आत्ता, या क्षणी शरीरात, संवेदनेत, मनात काय घडते आहे याचे भान. भूतकाळ साठवणाऱ्या शक्तीला त्यांनी वर्तमानात जागे केले.

आनंदांचेच उदाहरण पाहा. २५ वर्षे ते तथागतांचे उपस्थापक होते. इतके कोणी ऐकले नव्हते, इतके कोणाच्या लक्षात नव्हते. तरीही संगीतीची वेळ आली तेव्हा ते अर्हत झालेले नव्हते. ५०० अर्हतांच्या त्या सभेत बसण्याची योग्यता त्यांना आदल्या रात्रीच्या साधनेने मिळाली. ८४,००० उपदेशांचे भांडार जवळ असूनही अखेरचे पाऊल त्यांना स्वतः उचलावे लागले.

दुसऱ्या टोकाला आहेत चुळपंथक. अट्ठकथेत त्यांची गोष्ट येते. थोरले बंधू महापंथक यांनी त्यांना चार ओळींची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. एक ओळ लक्षात राहिली की आधीची निसटे. शेवटी थोरल्या भावानेच त्यांना संघातून निघून जायला सांगितले. रडत निघालेल्या चुळपंथकांना तथागतांनी थांबवले. त्यांनी दुसरी गाथा दिली नाही. पांढऱ्या स्वच्छ कापडाचा एक तुकडा दिला आणि मळ दूर होण्याचे छोटेसे वचन म्हणत तो हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले. 'इतके शुभ्र वस्त्र या देहाच्या स्पर्शाने मळते, म्हणजे सगळे बदलते', हे चुळपंथकांना उमगले आणि त्यातूनच ते अर्हतपदाला पोचले. ज्यांना चार ओळी पाठ होत नव्हत्या, त्यांचे उद्गार आज थेरगाथेत आहेत आणि इतर लोक ते पाठ करतात.

तिसरे उदाहरण पोठिल थेरांचे. ते त्रिपिटकाचे जाणकार होते, भिक्खूंच्या अनेक गणांना शिकवीत. पण स्वतः आचरण करीत नसत. तथागत त्यांना 'तुच्छ पोठिल', म्हणजे रिकामा पोठिल, अशी हाक मारू लागले. तो घाव वर्मी बसला आणि ते साधनेसाठी अरण्यात गेले. तिथे त्यांना शिकवले ते सात वर्षांच्या एका सामणेराने : वारुळाला सहा भोके आहेत आणि आत घोरपड आहे, तर पाच भोके बुजवून सहाव्यापाशी लक्ष ठेवायचे. म्हणजे पाच इंद्रियांची दारे बंद करून मनाच्या दाराशी सावध राहायचे. त्रिपिटक जाणणाऱ्या आचार्याने सात वर्षांच्या मुलाचे ऐकले, आणि इथेच त्यांच्या प्रज्ञेची सुरुवात झाली.

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तर स्पष्ट इशारा आहे. धम्म पाठ करून त्याचा अर्थ न तपासणारा माणूस हा पाण्यातला साप शेपटीकडून धरणाऱ्यासारखा आहे. साप उलटून त्यालाच डसतो. जाणकार माणूस दुबेळक्याच्या काठीने तो दाबतो आणि मानेपाशी धरतो. अर्धवट पाठांतर केवळ निरुपयोगी नसते, ते घातकही ठरू शकते, असा याचा अर्थ. धम्मपदात अशा पाठकाला दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. मोजणी अचूक असते, पण दूध त्याच्या वाट्याला येत नाही.

ऐकलेली, विचारलेली आणि अनुभवलेली प्रज्ञा

मग पाठांतरापासून प्रज्ञेपर्यंत कसे जायचे? धम्मात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकून-वाचून मिळते ती सुतमया पञ्ञा. त्यावर स्वतः विचार करून, शंका घेऊन, पडताळून मिळते ती चिन्तामया पञ्ञा. आणि आचरणातून, साधनेतून स्वतःच्या अनुभवाला येते ती भावनामया पञ्ञा.

स्मरणशक्तीचे काम मुख्यतः पहिल्या पायरीपुरते आहे. ती पायरी वगळून वर जाता येत नाही, पण तिच्यावरच बसून राहणारा वर पोचत नाही. कालामांना उपदेश करताना तथागतांनी नेमका हाच धोका दाखवला : परंपरेने आले, ऐकिवात आले किंवा ग्रंथात लिहिले आहे एवढ्यानेच एखादी गोष्ट खरी मानू नका. ती कुशल आहे की अकुशल, तिने हित होते की अहित, हे स्वतः तपासा.

आधुनिक मानसशास्त्राचे निष्कर्ष

विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनाही हाच फरक दिसला. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्हस्की या गृहस्थाचा अनेक वर्षे अभ्यास केला. शब्दांच्या आणि आकड्यांच्या लांबच लांब याद्या ते एकदा ऐकून सांगत, आणि वर्षानुवर्षांनंतरही पुन्हा तशाच सांगत. प्रत्येक शब्दाचे त्यांच्या मनात चित्र उभे राही. पण त्याच चित्रांमुळे साधा परिच्छेद समजणे त्यांना जड जाई, कारण शब्दागणिक नवे चित्र येई आणि एकूण अर्थ हरवे. एकदा त्यांना आकड्यांचा तक्ता दिला : पहिल्या ओळीत १, २, ३, ४, दुसऱ्या ओळीत २, ३, ४, ५, पुढे ३, ४, ५, ६. शाळकरी मुलालाही यातला क्रम दिसतो आणि पाठ करायची गरज उरत नाही. शेरेशेव्हस्कींनी मात्र एकेक आकडा चित्र म्हणून पाठ केला. क्रम त्यांच्या लक्षातच आला नाही. लुरिया यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला सांगितले जाते.

१९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखवली, तेव्हा निष्णात खेळाडूंनी ती नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक आठवून मांडली. पण सोंगट्या कशाही विखुरल्या, तेव्हा निष्णात आणि नवखा यांच्यातील फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्यांची आश्चर्यकारक वाटणारी स्मरणशक्ती ही डाव समजण्यातून आलेली होती. जे समजते ते सहज लक्षात राहते. जे नुसते पाठ केले ते समजतेच असे नाही.

शिक्षणशास्त्रात बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध उतरंडीतही लक्षात असणे ही सर्वांत खालची पायरी आहे. समजणे, वापरणे, पृथक्करण करणे या पायऱ्या त्यावर येतात.

महाड : दोन स्मृतींचा सामना

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. महाड आजच्या रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सावित्री नदीकाठी आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे त्यानुसार खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही, कारण गावाच्या सवयीत जुनी मनाई पक्की होती. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : ठरावाने कायदा बदलला होता, गावाची 'स्मृती' बदलली नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठवून लोकांना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी पंचगव्य वगैरे ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ज्यांनी हा विधी केला त्यांना मंत्र बिनचूक पाठ असणार. पण ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पितात ते माणसाच्या ओंजळीने कसे विटाळते, हा साधा प्रश्न त्या पाठांतरात कुठेच नव्हता. तो प्रश्न विचारला, त्यांतल्या बहुतेकांना शाळेची पायरी चढू दिलेली नव्हती.

दुसरी परिषद डिसेंबर १९२७ मध्ये ठरली. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सर्वजण पायी महाडला आले. त्या परिषदेत त्यांनी फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि महाडच्या सभेची तिच्याशी तुलना केली. १७८९ हे साल त्या काळी इतिहास शिकलेल्या कुठल्याही पदवीधराला ठाऊक असे. व्हर्सायला जे घडले त्याचे मर्म सावित्रीकाठच्या मांडवात आहे, तिथेही माणसाच्या समान हक्कांचाच प्रश्न होता आणि इथेही तोच आहे, हे ओळखणे ही प्रज्ञा. आठवण तीच, पण दोन दूरच्या गोष्टींतले नाते पाहणारी दृष्टी वेगळी.

२५ डिसेंबरच्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ग्रंथाच्या नावातच 'स्मृती' आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पिढ्यान् पिढ्या पाठ केलेला, आठवणीत जपलेला आणि कधीही न तपासलेला तो नियमसंग्रह. तो न वाचता जाळला, असे कोणी म्हणू शकत नाही. बाबासाहेबांच्या पुढील लेखनात त्यातल्या श्लोकांची बारकाईने केलेली चिकित्सा जागोजागी आहे. तथागतांनी 'स्मृती'चा अर्थ जागरूकता असा केला. दुसऱ्या परंपरेत तोच शब्द माणसाला जन्मावरून बांधणाऱ्या नियमांचे नाव झाला. महाडला या दोन स्मृती समोरासमोर आल्या.

याच मुक्कामात बाबासाहेब परिसरातील प्राचीन बुद्ध लेणी पाहायला गेले. तिथल्या आसनांवर भिक्खू बसत असत, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांवर बसू नये, असे त्यांनी सांगितल्याचे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. भिक्खूंची ती आठवण त्यांनी जपली आणि माणुसकी नाकारणारी आठवण अग्नीला दिली. काय जपायचे आणि काय टाकायचे हे स्मरणशक्ती सांगत नाही. ते काम विवेकाचे आहे.

पुढे लढा न्यायालयात गेला, आणि तिथेही वाद स्मृतीचाच होता. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आली आहे, असा विरोधकांचा दावा होता. न्यायालयाने पुरावा मागितला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : रूढी स्मरणातीत असल्याचे सिद्ध झालेले नाही. दहा वर्षांनी तळ्यावरचा हक्क कायद्यानेही मान्य झाला. 'असेच चालत आले आहे' हे उत्तर 'कशावरून?' या एका प्रश्नापुढे टिकले नाही.

बाबासाहेबांनी केलेला फरक

बाबासाहेबांच्या स्मरणशक्तीच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर काय आहे हे ते सांगत, वगैरे. पण तेवढ्यानेच बाबासाहेब घडत असते, तर राजगृहातील पुस्तकांची कपाटेही बाबासाहेब झाली असती. त्यांचे मोठेपण त्या पुस्तकांना त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी विद्या आणि प्रज्ञा यांत स्पष्ट भेद केला आहे. नुसती विद्वत्ता पुरेशी नाही, ती माणसाला पंडिती अहंकाराकडे नेऊ शकते, म्हणून प्रज्ञा हवी, असे ते सांगतात. त्याही पुढे जाऊन ते म्हणतात की विद्या तलवारीसारखी आहे. शीलवान माणसाच्या हाती ती संकटात सापडलेल्याला वाचवते, शीलहीनाच्या हाती ती खून करते. म्हणून धम्मात प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा आली. आधुनिक मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा भाग मोजला जात नाही, पण खऱ्या बुद्धीचे वर्णन त्याशिवाय आम्हांला अपुरे वाटते. चवदार तळ्याचा हक्क नाकारणाऱ्यांत शिकलेली माणसे कमी नव्हती. कमतरता होती ती दुसऱ्याच्या तहानेची जाणीव असण्याची.

आपल्या घरात, आपल्या विहारात

हे सर्व समजून घेतल्यावर काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, पाठांतर बंद करू नये. पाढे, वंदना, गाथा, कविता लहानपणी पाठ झाल्या की त्या जन्मभर सोबत करतात. मात्र पाठ झालेल्या प्रत्येक गोष्टीला एक 'का?' जोडावा. पंचशील म्हणून झाले की मुलाला विचारावे, "खोटे बोलू नये, असे का? शाळेत असा प्रसंग कधी आला होता का?"

दुसरी, स्पर्धांचे गुण बदलावेत. तारखांना निम्मे गुण आणि अनोळखी प्रश्नाला निम्मे गुण द्यावेत. "आज आपल्या गावात चवदार तळ्यासारखी कोणती जागा आहे, जी कागदावर सर्वांची आहे पण प्रत्यक्षात नाही?" या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेले नाही. मूल अडखळेल, पण विचार करेल.

तिसरी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे की माहिती आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. ती कोणती वापरायची, कोणती खोटी आहे आणि कोणती कोणाच्या हिताची आहे, हे ठरवण्याची शक्ती मोबाईलमध्ये नाही. समाजमाध्यमांवर बाबासाहेबांच्या नावाने फिरणारे एखादे वाक्य पुढे पाठवण्याआधी ते त्यांच्या कोणत्या ग्रंथात आहे हे शोधणे, हीसुद्धा चिन्तामया पञ्ञाच आहे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची. पाठांतर जमत नाही म्हणून कोणत्याही मुलाला 'ढ' म्हणू नये. महापंथक स्वतः ज्ञानी होते, भावावर त्यांचे प्रेमही होते, तरी त्यांना धाकट्याची योग्यता दिसली नाही. त्यांनी एकच मोजपट्टी लावली आणि भावाला दाराबाहेर काढले. असे किती चुळपंथक आपल्या घरांतून आणि शाळांतून रडत बाहेर पडले असतील याची कोणी नोंद ठेवलेली नाही. त्यांतल्या एखाद्याच्या हाती योग्य वेळी योग्य ते कापड ठेवणे शिक्षकाला जमते, आई-बापाला जमते, विहारातल्या ताई-दादालाही जमते.

येत्या एप्रिलमध्ये व्यासपीठावरचे मूल पन्नास तारखा सांगेल तेव्हा आपण टाळ्या वाजवूच. टाळ्या थांबल्या की त्याला जवळ घेऊन एक प्रश्नही विचारू या. त्याला उत्तर आले नाही, तर ते आपण दोघांनी मिळून शोधू या.